बेडकीच्या फेसावर छत्री

नेरळकडच्या एका हायस्कुलात धर्माजी सोनावळे प्रयोगशाळेत शिपाई होता. पोरं त्याला धर्माजीमामा म्हणत, मास्तरमंडळी नुसतं धर्माजी म्हणत, आणि कुणी विचारलं तर तो स्वतः ‘मी लॅबोरेटरीत असतो’ असं सांगायचा. ते काही खोटं नव्हतं. सकाळी पोशीरहून पायी यायचा, कुलूप काढायचा, काचेची भांडी धुण्याच्या सोड्यानं घासून उन्हाला लावायचा आणि मग दिवसभर त्या एका खोलीवर त्याचं राज्य. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून चार नळ्या फुटल्या. त्या चारही कुठल्या साली आणि कुणाच्या धक्क्यानं फुटल्या हे त्याला पाठ होतं, आणि त्याच्या मते त्यातली एकही त्याच्यामुळं फुटलेली नव्हती.

श्रावणात अकरावीच्या वर्गाला शरीरशास्त्रात बेडूक असायचा. विज्ञानाचे प्रधान सर मेणाच्या तबकात बेडूक उताणा टाचून, पोट उघडून आतलं हृदय दाखवत. हे बेडूक आणायचे धर्माजीनं, भूल द्यायची धर्माजीनं आणि काम झाल्यावर शाळेमागं पुरायचेही धर्माजीनंच. पोशीरच्या भातखाचरांत वाढलेला माणूस. कुठल्या बांधाखाली कोण बसलंय ते त्याला आवाजावरून कळे. दरवर्षी डझनभर बेडूक तो गोणपाटात घालून आणी आणि त्यातला एकही परत जात नसे.

छप्पन साली वाडीनं धर्म घेतला तेव्हा धर्माजी पंचविशीत होता. तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ करून तो बुद्धाच्या तसबिरीपुढं पंचशील म्हणायचा. त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. एरवी ते तो खणखणीत म्हणे, पण श्रावणात त्याची जीभ अडखळायची. उंदीर मारावे लागतात, भातावरची कीड मारावी लागते, हे त्याला कळत होतं. पण बेडकानं त्याचं काय घेतलं होतं? बायकोला, जानकीबाईला, तो हे एकदाच बोलला. ती म्हणाली, मग सोडा नोकरी. नोकरी काही सुटणार नव्हती. मग त्यानं मनाशी एवढंच धरलं, की आपल्या हातात आलेला एक तरी बेडूक जगला पाहिजे. कसा, ते त्याला ठाऊक नव्हतं.

एकाहत्तरच्या श्रावणात त्यानं प्रयोगशाळेत गोणपाट रिकामं केलं, तर मोठ्या हिरव्या बेडकांबरोबर एक भलतीच बाई बाहेर पडली. तपकिरी अंग, लांब तंगड्या, कमरेत बारीक, आणि बोटांच्या टोकाला गोल गोल टिकल्या. तिनं एक उडी मारली ती थेट कपाटाच्या काचेवर. आणि तिथंच राहिली. उभ्या काचेवर, ना आधार ना खाच, निवांत बसून धर्माजीकडं बघत राहिली. धर्माजी वीस वर्षं त्याच काचा पुसत होता. तिथं माशीचाही पाय घसरतो असा त्याचा दावा होता.

प्रधान सरांनी चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, ही झाडावरची बेडकी, आपल्या पुस्तकात नाही, कापायला उपयोगाची नाही, सोडून दे. धर्माजीनं ‘हो’ म्हटलं आणि दुपारी ती एका रुंद तोंडाच्या बरणीत झाकणाला भोकं पाडून ठेवून दिली. आपला एक बेडूक आपल्याला सापडला, हे त्याला तिथल्या तिथं कळलं होतं.

आता माणूस कितीही मायाळू असला तरी मायेनं बेडूक जगत नाही. धर्माजीनं पहिल्या आठवड्यात जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या. बरणी धुऊन चकचकीत केली, तीही सोड्यानं. त्यात नळाचं पाणी घातलं, ज्यात पंचायतीनं नुकतंच औषध टाकलं होतं. वर भाताची चार शितं टाकली, कारण आपल्याकडं पाहुणा आला की आधी भात. बेडकी शितांकडं ढुंकून बघेना. मग त्यानं पावाचा तुकडा दिला, मग एक मेलेली माशी अगदी तिच्या नाकाशी नेऊन ठेवली. ती उपाशी, आणि रंग उडून पांढरटलेली. चौथ्या दिवशी तिच्या पोटाखाली लाल चट्टा दिसला.

धर्माजी सरांकडं गेला. सर कोकणस्थ नव्हते की देशस्थ नव्हते, पेणकडचे कायस्थ प्रभू होते, आणि मासळीइतकंच त्यांचं पुस्तकांवर प्रेम होतं. त्यांनी एक जाड इंग्रजी ग्रंथ काढला, बराच वेळ वाचला आणि सांगितलं की बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पाण्यात बसतो आणि कातडीतून पितो. पाण्यात जे असेल ते सगळं त्याच्या अंगात जातं.

धर्माजी आपल्या हातांकडं बघत राहिला. सोड्यानं त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, पावसाळ्यातही त्या मिटत नसत. ह्याच हातांनी तो तिला दिवसातून दोनदा उचलत होता. त्या दिवसापासून त्यानं तिला हात लावला नाही. हलवायची वेळ आली की पावसाच्या पाण्यात भिजवलेल्या अळूच्या पानावर तिला बसवून घ्यायचा.

आणि मग त्यानं घर बांधायला घेतलं. लायब्ररीतलं एक कपाट वाळवीनं खाल्लं होतं. त्याच्या वरच्या खणाला दोन्हीकडं काचा होत्या. तो खण त्यानं कापून घेतला, उभा केला, समोर काचेऐवजी बारीक जाळी ठोकली. ती बसते उंचावर, तर घर उभंच हवं, आडवं नको, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तळाशी बांधावरची माती, तिच्यात सुकलेली पानं कुसकरून. त्यावर शेवाळ, मागच्या कोपऱ्यात नेचा आणि एक आडवी तिडवी पेरूची फांदी. दिवसा तोंड लपवायला फुटक्या माठाचं खापर. पाण्यासाठी भांडं पाहिजे होतं उथळ, ज्यात तिला बुडायची भीती नाही असं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि बेडूक टाचायचं मेणाचं तबक उचललं. त्यातलं मेण खरवडून, दहा वेळा विहिरीच्या पाण्यानं धुऊन त्यानं ते बेडकीला न्हाणीघर म्हणून दिलं. सरांना त्यानं तबकाला गळती लागल्याचं सांगितलं. सरांनी न गळणारं तबक समोर दिसत असूनही मान डोलावली.

खाण्याचं कोडं आपोआप सुटलं. एक रातकिडा जाळीच्या कडेच्या फटीतून आत शिरला आणि मातीवर दोन पावलं चालला. बेडकी फांदीवर दगड होऊन बसली होती. धर्माजीला काही दिसलंच नाही. रातकिडा होता, आणि नव्हता. मग तिनं डोळे मिटले, नुसते मिटले नाहीत, डोक्यात खोल ओढून घेतले, आणि घास खाली गेला. सर म्हणाले, बरोबर आहे, बेडूक घास डोळ्यांनी आत ढकलतो. धर्माजी त्या दिवशी पोशीरला पोचेपर्यंत वाटेत तीनदा थांबला. आपण आजवर किती बेडूक भूल देऊन तबकात दिले, पण जेवताना एकही पाहिला नव्हता. त्याला नवल वाटत होतं आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हीतलं जास्त काय ते त्याला ठरवता येत नव्हतं.

जे हालतं तेच तिला दिसतं, एवढं कळल्यावर काम सोपं झालं. घरी जानकीबाईच्या एका जुन्या डब्यात त्यानं रातकिडे पाळले. त्यांना भाताचा कोंडा आणि भोपळ्याची साल घालायची, कारण किडा उपाशी असेल तर बेडकीच्या पोटात उपासच जाणार, हा त्याचा स्वतःचा हिशेब. कधी नाकतोडा, कधी दिव्याखालचं पाखरू, कधी पोरांच्या डेस्कातलं झुरळ. घास तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. शाळेत औषधफवारणी झाली की आठ दिवस शाळेतलं झुरळ बंद. दिवाळीपर्यंत ती इतकी गुबगुबीत झाली की पोटावर वळ्या दिसायला लागल्या. मग त्यानं तिला एक दिवसाआड जेवण सुरू केलं. जानकीबाई म्हणायची, नवऱ्याला आमी काय वाढलं ते कळत नाय, पण बाईसायबाच्या ताटात काय पडलं ते दोन कोसांवरनं कळतं.

एकदा सकाळी बेडकी फांदीवर अंग चोळत बसलेली दिसली, आळोखेपिळोखे देत, तोंड वासत. धर्माजीला वाटलं, गेली ही. तेवढ्यात तिच्या तोंडाच्या कडेनं एक पातळ पदर सुटला. तिनं तो पुढच्या पायांनी डोक्यावरून सदरा काढावा तसा ओढला आणि गिळून टाकला. अख्खी कात. खाली नवं कोरं, ओलं, चमकणारं अंग. मास्तरांच्या खोलीत जाऊन त्यानं हे प्रधान सरांना सांगितलं, आणि सर चहा तसाच टाकून आले. उशीर झाला होता. सर म्हणाले, धर्माजी, मी हे फक्त वाचलंय. हे वाक्य धर्माजीनं नंतर जन्मभर लोकांना सांगितलं, आणि दर वेळी सांगताना तो थोडा ताठ बसायचा.

उन्हाळा वाईट गेला. मे महिन्यात शाळा बंद, पत्रे तापलेले. बेडकी खापराखाली शिरली, पाय पोटाशी घेतले, खाणं सोडलं. धर्माजी सुटीतही रोज पोशीरहून चालत येई. खणाभोवती ओलं गोणपाट गुंडाळी, आणि वर एक गळकं मडकं टांगून त्याच्या बुडाला वात लावलेली, म्हणजे थेंब थेंब पाणी शेवाळावर पडत राही. शाळेत हजेरीपटाच्या कामाला आलेले एक मास्तर ते पाहून म्हणाले, धर्माजीनं बेडकीला अभिषेक लावलाय. धर्माजी म्हणाला, तुमचा देव दगडाचा, त्याला एक दिवस पाणी चुकलं तर चालतं. मास्तर हसले. धर्माजीला काही हसू आलं नव्हतं.

ती जगली. मृगात आभाळ भरून आलं आणि खापराखालून बाहेर आली ती हाडकुळी, पण डोळे लख्ख. पाऊस लागला तसा बाहेर पेरूच्या झाडावरून तिच्या जातीचे नर ओरडायला लागले, लाकडावर लाकूड ठोकल्यासारखे, टक् टक् टक्. आणि बेडकीचं चित्त घरातून उडालं. नाकतोडा समोर नाचला तरी ती बघेना. दिवसरात्र जाळीशी नाक घासत राही. चौथ्या दिवशी नाकावरची कातडी सोलवटली, तिथं पांढरा ठिपका पडला.

सर म्हणाले, तिला जायचंय. धर्माजीलाही ते कळत होतं. वर्षभर एवढं केलं ते ती जगावी म्हणून, आणि जगली तर ती जाणारच. त्यानं संध्याकाळी घरी निघताना जाळीचं दार उघडलं आणि खिडकीचं एक तावदानही उघडं ठेवलं. ती रात्र त्याला झोप आली नाही. सकाळी येऊन बघतो तर बाई खापराखाली. दमलेली, चिखलानं माखलेली, गाढ झोपलेली. धर्माजी एकटाच हसला. मग हे रोजचं झालं. रात्री बाहेर, दिवसा घरी.

आणि जुलैच्या मध्याला ते घडलं, जे एका काचा धुणाऱ्या माणसाच्याच हातून घडू शकतं.

प्रयोगशाळेच्या मागं एक दगडी हौद होता. त्याच्या काठावर धर्माजी भांडी घासायचा. त्या सकाळी हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर वीतभर, त्याला फेसाचा एक पांढराशुभ्र गोळा चिकटलेला दिसला. चांगला दोन मुठींएवढा. त्याला स्वतःचाच राग आला. काल पावसाच्या घाईत भांडी धुतली, साबण नीट विसळला नाही, आणि शाळेत तपासणीला साहेब यायचे होते. त्यानं काथ्याचा कुंचा घेतला आणि फेस घासायला सुरुवात केली. तो साबणासारखा विरेना. चिकट होता, तार धरत होता. धर्माजीनं वर सोडा टाकला आणि जोर लावला. दहा मिनिटांत भिंत साफ झाली, सगळं गटारात गेलं, आणि त्याला बरं वाटलं.

शाळेच्या फाटकाशी कोंडी नावाची एक ठाकरीण रानभाजी विकायला बसायची, डोंगराकडच्या वाडीतून यायची. पाणी प्यायला ती मागं आली होती. ती गटाराशी उभी राहून खाली बघत होती. धर्माजीनं विचारलं, काय गं, काय पडलं? तिनं बोटानं त्याच्या हातातला कुंचा दाखवला. कुंच्याला चिकटलेल्या फेसात मोहरीएवढे पिवळसर दाणे होते. एक नाही, दोन नाही, फेसाच्या प्रत्येक तारेत. ती साध्या आवाजात म्हणाली, “बेडकीचं घर होतं रं ते. पोरं होती आत.”

तिनं त्याला सगळं सांगितलं. झाडावरची बेडकी पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या वर जागा बघते, मागच्या पायांनी घुसळून घुसळून फेस करते आणि त्यात अंडी ठेवते. पिलं त्या फेसात वाढतात आणि मग खालच्या पाण्यात पडतात. वाडीतल्या लहान पोरांनाही हे ठाऊक असतं. धर्माजीनं कुंचा खाली ठेवून ते ऐकलं. तो गटारात उतरला, चिखलात हात घालून शोधत राहिला. सोड्याचं पाणी केव्हाच वाहून गेलं होतं.

ती आपलीच बेडकी होती का, हे त्यानं स्वतःला विचारलंही नाही. खापराखाली डोकावला तर ती तिथं होती, पोट रिकामं, बाजू आत गेलेल्या. वर्षाला बारा मारणाऱ्या माणसानं एका सकाळी शेकडो मारले होते, आणि तेही स्वच्छतेच्या हौसेनं. घरी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पंचशील म्हणायला बसला आणि पहिल्या ओळीवर उठून गेला. जानकीबाईनं त्या दिवशी थट्टा केली नाही.

त्यानं हौदावर भांडी धुणं बंद केलं. सगळी भांडी पाट्यांत भरून शंभर पावलांवरच्या विहिरीवर न्यायचा. हौद चार वेळा उपसला, विहिरीच्या पाण्यानं धुतला, पावसाच्या पाण्यानं भरू दिला. काठावर पाचोळा पडला तर तसाच ठेवला. आणि बेडकीला परत रोज जेवण सुरू केलं, जे मिळेल ते, दोन दोन नाकतोडे. सरांना त्यानं विचारलं, ती पुन्हा घालील का? सर म्हणाले, ग्रंथात लिहिलेलं नाही. धर्माजीला त्या दिवशी ग्रंथाचा पहिल्यांदा राग आला.

तीन आठवडे गेले. आणि एका पहाटे तो आला तेव्हा हौदाच्या भिंतीवर, पेरूच्या फांदीखाली, तोच पांढरा गोळा होता. त्याच्या वरच्या बाजूला बेडकी बसलेली, अजून थकून हललेली नव्हती, आणि तिच्या नाकावर पांढरा ठिपका होता. धर्माजी जागच्या जागी बसला. त्याला हात जोडावेसे वाटले आणि त्यानं ते जोडले.

पण ते साल बहात्तरचं होतं. पाऊस जो गेला तो गेलाच. श्रावणात भादव्यासारखं ऊन पडलं, खाचरांना भेगा पडायला लागल्या, लोक आभाळाकडं बघून बोलेनासे झाले. हौदाची भिंत दुपारी हाताला चटका देऊ लागली. फेसाचं वरचं साल वाळून तांबूस झालं. कोंडीनं बघून सांगितलं, आत ओल असेल तोवर ठीक, पण ऊन आतपर्यंत पोचलं तर पिलं आतच वाळतील. आणि वरून पाणी ओतशील तर फेस सुटून वेळेआधी पडतील.

सरांनी उपाय काढला. सुरीनं फेस अलगद सोडवू, तबकात घेऊन सावलीत ठेवू. उपाय चांगला होता. धर्माजीनं नाही म्हटलं. सरांना त्यानं आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि सर चकित झाले.

“ह्या हातांचा सोडा जात नाय, सर,” धर्माजी म्हणाला. “एकदा लावला हात. आता नाय लावायचा.”

त्यानं आपली काळी छत्री आणली, तिच्यावर ओलं गोणपाट पसरलं आणि हौदाच्या काठावर बसून ती फेसावर धरली. फांदीला बांधून पाहिली होती, पण वाऱ्यानं ती फिरे आणि ऊन नेमकं तिथंच पडे. तेव्हा हातानंच धरायची. ऊन सरकेल तशी छत्री सरकवायची. गोणपाट सुकलं की उठून विहिरीवर जायचं, भिजवून पळत यायचं. गोणपाटाचे थेंब फेसाच्या बाजूला पडतील, फेसावर नाही, एवढं भान ठेवायचं. हौदातलं पाणी खाली चाललं तर घागरीनं विहिरीचं पाणी आणून कडेनं सोडायचं.

शाळेला विषय मिळाला. धर्माजी बेडकीच्या फेसावर छत्री धरून बसलाय, हे पोशीरपर्यंत गेलं. हेडमास्तर स्वतः बघायला आले. त्यांच्या मनात बरंच बोलायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. धर्माजी उठला नाही, कारण उठला तर छत्री हलली असती. बसल्या बसल्या त्यानं त्यांना आत काय आहे ते सांगितलं. हेडमास्तरांनी वाकून पाहिलं, थोडा वेळ तसेच वाकून राहिले आणि म्हणाले की घंटेचं काम चार दिवस दुसऱ्या शिपायाला सांगतो.

तरी प्रयोगशाळेचं काम होतंच. दुसऱ्या दिवशी तास असताना सरांनी हाक मारली, आणि धर्माजीला ना उठवेना ना बसवेना. तेवढ्यात फाटकातून जानकीबाई येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं फडकं, पोशीरहून उन्हात चालत आलेली. तिनं फडकं काठावर ठेवलं, त्याच्या हातातून छत्री घेतली आणि बसली. मग ती रोज येऊ लागली. शेतात तसंही करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला आत काही दिसत नव्हतं, एक वाळलेला फेसाचा गोळा, बस. पण नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता.

पाचव्या दिवशी दुपारी धर्माजी प्रयोगशाळेत स्पिरिटचे दिवे भरत होता. मागून जानकीबाईचा आवाज आला, मोठा नाही, उलट एकदम खालच्या सुरातला. “अवो, या. हालतंय.”

तो धावला. गोळ्याचा खालचा भाग ओला झाला होता, लोंबायला लागला होता, आणि त्या ओलीत आतून काहीतरी वळवळत होतं. एक नाही, सगळा फेसच वळवळत होता. जे साल त्यांना इतके दिवस मेलेलं दिसत होतं, त्याच्या आत एवढी दाटी होती.  त्यानं सरांना बोलावलं, आणि सरांनी अकरावीचा अख्खा वर्ग बाहेर आणला.

पोरं हौदाभोवती उभी राहिली. प्रधान सरांनी सवयीनं बोलायला तोंड उघडलं, मग थांबले. ते म्हणाले, “हे मी कधी पाहिलेलं नाही. धर्माजी, तू सांग.”

सत्तावीस वर्षांच्या अख्ख्या नोकरीत धर्माजी वर्गापुढं बोलला तो हा एकदाच.  हातात छत्री, बाजूला बायको, समोर चाळीस पोरं. त्यानं आधी घसा खाकरला. “आदी माजी चूक सांगतो,” तो म्हणाला, आणि त्यानं कुंच्याचं आणि सोड्याचं सगळं सांगितलं, काही न लपवता. पोरं हसली नाहीत. मग त्यानं सांगितलं की ती पाण्याच्या वर का घालते. पाण्यात मासे असतात, किडे असतात, ते अंडी खातात. म्हणून ती कुणाचा हात पोचणार नाही अशी जागा बघते आणि पायांनी घुसळून घर करते. ना वीट, ना माती. नुसत्या वाऱ्याचं आणि थुंकीएवढ्या पाण्याचं घर, आणि ते पाच दिवस उन्हात टिकतं.  त्यानं पोरांना मागं सरायला सांगितलं, सावली पडू नये म्हणून, मग आपणच छत्री धरलीय हे त्याला आठवलं.

खालून एक थेंब सुटला. पाण्यात पडला आणि थेंबाला शेपूट होतं. ते क्षणभर तसंच राहिलं, बुडणार की काय असं वाटलं, आणि मग शेपूट हललं आणि ते भिंतीच्या सावलीत पोहत गेलं. कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला. मग दुसरं पडलं. मग दोन एकदम. मग टप टप टप, फेसातून पिलं गळू लागली, काळपट, तांदळाएवढी, प्रत्येक पाण्यात पडून क्षणभर थांबायचं आणि मग जायचं. दर वेळी धर्माजीचा जीव त्या क्षणापुरता अडकायचा. जानकीबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. पोरांसमोर तिनं असं कधी केलं नसतं.

सर हौदाच्या काठावर गुडघे टेकून बसले होते, धोतराला शेवाळ लागलं तरी. त्यांनी खिशातून वही काढली. नोंद करायला हवी, ते म्हणाले, आतापर्यंत किती झाले?

“त्रेचाळीस मोजली, सर,” धर्माजी म्हणाला. “म्होरची तुमी मोजा. मला दिसत नाय.”